स्टिंकी, एमआयटी आणि मास्तरांचे हात

मंडळी, आपल्यातले बरेच जण हल्ली शनिवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या रोबॉटिक्स टीमला 'मेंटॉर' म्हणून जातात. कुणी कंपनीच्या सीएसआरमधून, कुणी स्वतःची लेक त्या टीममध्ये आहे म्हणून. मीही जातो. आणि तिथे प्रत्येकाला एकच प्रश्न छळतो. पोरांचा कोड चुकतोय हे समोर दिसतंय, स्पर्धा दोन आठवड्यांवर आलीये, तर कीबोर्ड आपल्याकडे ओढायचा की नाही?

या प्रश्नाला चांगला जुना इतिहास आहे.

१९७० च्या दशकात एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक २.७० नावाचा (हो, तिथे कोर्सला नंबरच असतात) डिझाइनचा कोर्स शिकवायचे. प्रत्येकाला सारख्याच सटरफटर सामानाची एक पेटी द्यायची, त्यातून यंत्र बनवायला सांगायचं आणि शेवटी ती यंत्रं एकमेकांशी भिडवायची. बघायला ही गर्दी! पुढे १९८९ मध्ये डीन केमन या संशोधकाने (हो, तोच, सेगवेवाला) 'फर्स्ट' ही संस्था काढली, आणि फ्लॉवर्स त्याच्या जोडीला आले. केमनची तक्रार साधी होती: पोरांना खेळाडू आणि नट माहीत असतात, इंजिनिअर एकही माहीत नसतो. म्हणून १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी, एका हायस्कूलच्या जिममध्ये, २८ टीम्सची पहिली स्पर्धा झाली.

आता गंमत बघा. फर्स्टचं पूर्ण नाव 'फॉर इन्स्पिरेशन अँड रेकग्निशन ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी'. यात प्रेरणा आहे, शिक्षण हा शब्दच नाही! म्हणजे इंजिनिअरने पोरांच्या बरोबरीने बाह्या सरसावून काम करावं, असंच मुळात अपेक्षित होतं. खरा इंजिनिअर अडकतो कसा, वैतागतो कसा, फळ्यावरचं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू कसा करतो, हे पोरांनी जवळून बघावं. अर्थात 'अमक्यांचा रोबॉट मेंटॉरनीच बनवलाय' ही कुजबुजही त्यासोबत आलीच. १९९८ मध्ये लहान मुलांसाठी लेगोबरोबर लीग सुरू झाली, तिथे मात्र उलटा नियम: काम मुलांनी करायचं, मोठ्यांनी फक्त वाट दाखवायची. एकाच संस्थेची दोन उत्तरं. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत, कारण दहा वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा यात फरक असतो.

पण मला या वादाचं सगळ्यात चांगलं उत्तर सापडतं ते फर्स्टच्या बाहेर, २००४ च्या मेट नावाच्या स्पर्धेत. पाण्याखाली चालणाऱ्या रोबॉटची ही स्पर्धा त्या वर्षी सांता बार्बराला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात झाली. ॲरिझोनात फिनिक्सच्या पश्चिम भागातल्या कार्ल हेडन हायस्कूलची चार पोरं तिथे गेली. सगळी मेक्सिकोहून आलेल्या घरांतली, कागदपत्रं नसलेली. फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन हे त्यांचे दोन मास्तर. त्यांनी टीमला चक्क कॉलेजवाल्यांच्या गटात घातलं. हिशोब असा की शाळांच्या गटात शेवटचं येण्यापेक्षा एमआयटीकडून हरलेलं काय वाईट? गोळा झालेले पैसे सुमारे ८०० डॉलर. एमआयटीकडे त्याच्या कित्येक पट. रोबॉट पीव्हीसी पाइपचा, आणि पाइप चिकटवायच्या गोंदाचा इतका वास यायचा की नावच पडलं स्टिंकी.

मास्तर पाण्याखालच्या रोबॉटचे तज्ज्ञ नव्हते. त्यांनी केलं काय, तर पोरांना तज्ज्ञांना फोन लावायला लावले. तापमान मोजायची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरला पोरांनी स्वतः फोन करून विचारलं, त्याने थर्मोकपल सुचवलं आणि ते कसं चालतं तेही समजावलं. प्रश्न पोरांनी विचारला, म्हणून उत्तरही पोरांचं झालं. मला ही मेंटॉरगिरीतली सर्वात हुशार चाल वाटते. आणि ती फुकट आहे!

स्पर्धेच्या जागी सराव करताना बॅटरी आणि सर्किट ठेवलेल्या पेटीत पाणी शिरायला लागलं. यावर लोरेन्झोला सुचलं, आत टॅम्पॉन घालू, पाणी शोषून घेतील. मग तोच दुकानात गेला आणि लाजत लाजत एका अनोळखी बाईंना विचारून चांगले टॅम्पॉन घेऊन आला. ही कल्पना कुठल्याच मेंटॉरला आली नसती, निदान मला तरी नाही. आपण सील बदलत बसलो असतो.

मग परीक्षकांची चौकशी. हे का वापरलं, ते कसं चालतं, याची उत्तरं पोरांनाच द्यायची होती, आणि त्यांनी ती दिली. निकाल: डिझाइनचं बक्षीस, तांत्रिक लेखनाचं बक्षीस (इंग्रजी घरात न बोलणाऱ्या पोरांना!) आणि एकूण पहिला नंबर. एमआयटी दुसरी.

यावर २०१५ मध्ये 'स्पेअर पार्ट्स' नावाचा सिनेमा आला. त्यात दोन मास्तरांचा मिळून एकच 'फ्रेडी कॅमेरॉन' केलाय. हॉलिवूडला हीरो एकच लागतो, काय करणार.

सिनेमाला जे अवघड जातं ते नंतरचं. २००६ मध्ये ॲरिझोनात प्रपोझिशन ३०० पास झालं आणि कागदपत्रं नसलेल्या मुलांची राज्यातल्यांना मिळणारी फीसवलत गेली. ऑस्कर वास्केझ तरीही २००९ मध्ये ॲरिझोना स्टेटमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पण नोकरी कायदेशीर करता येईना, म्हणून अर्ज करायला स्वतःहून मेक्सिकोला परत गेला. तिथे त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागली. एका सिनेटरने प्रकरण लावून धरल्यावर २०१० मध्ये तो परत येऊ शकला, आणि नंतर अमेरिकन सैन्यात भरती झाला. रोबॉट जिंकून दिला म्हणजे मेंटॉरचं काम संपलं, असं मग म्हणवत नाही. बक्षिसाने ओळख मिळाली, कागद नाही.

असो. कीबोर्डचं विचाराल तर सतरा वर्षांच्या पोरांबरोबर मी सोल्डरिंगला बसतो, पण स्पर्धेत जाणाऱ्या कोडची शेवटची ओळ त्यांचीच असते. आणि टीमच्या फळ्यावर एका कोपऱ्यात तीन फोन नंबर आहेत: एक मोटर कंट्रोलवाला मित्र, एक मशीन शॉपवाले काका, आणि एक मैत्रीण जिला कॉलेजचे आणि फीमाफीचे फॉर्म तोंडपाठ आहेत. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त फोन तिलाच गेले.