पटल-चोंदण आणि अब्जांश कणांचे लेप

सांडपाणी गाळणाऱ्या पटलावर आणि त्याच्या छिद्रांत गाळ, तेल, प्रथिने, क्षार व जिवाणू साचून पाणी झिरपणे मंदावते, त्यास पटल-चोंदण म्हणतात. संयंत्रावरची भाषा याहून थोडकी असते : ‘मेम्ब्रेन चोक झाली.’ मग पंपाचा दाब वाढवावा लागतो आणि वीजबिलही वाढते.

सैल गाळ उलट्या प्रवाहाने निघून जातो. क्षारांचे पुट सायट्रिक आम्लात विरघळते. चिवट असतो तो जिवाणूंचा थर. जिवाणू शर्करा व प्रथिनांचे बुळबुळीत द्रव्य स्रवतात आणि त्यातच घर करतात. तो थर काढण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, पण अशा वारंवार धुण्याने पॉलिमरचे पटल झिजते.

पीव्हीडीएफसारखी पॉलिमरे मुळात जलविरोधी असल्याने तेलकट व प्रथिनयुक्त द्रव्ये त्यांना सहज चिकटतात. टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका किंवा झिंक ऑक्साइड यांच्या १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या, म्हणजे अब्जांश, कणांचा लेप दिला, की पृष्ठभाग जलस्नेही होतो. कमळाच्या पानावर घडते त्याच्या नेमके उलट येथे घडते. पाणी पृष्ठभागावर पसरून राहते आणि मळाला थारा मिळत नाही. लेप जाड झाला, तर मात्र तोच छिद्रे बुजवतो. टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाशात सेंद्रिय मळाचे विघटनही करते. गढूळ, अंधाऱ्या टाकीत या गुणाचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय लेपाचा प्रभाव मळाच्या पहिल्या थरापुरताच असतो. तो थर एकदा बसला, की पुढचा मळ लेपावर नव्हे, मळावरच बसतो. त्यामुळे धुणे लांबते, टळत नाही.

पटल पॉलिमरऐवजी सिरॅमिकचेही असू शकते. कोलकात्यात जादवपूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने चिकणमाती व ॲल्युमिना यांपासून स्वस्त सिरॅमिक पटले विकसित केली. भूजलातील आर्सेनिक व लोह काढण्यासाठी ती वापरली गेली. कातडी कमावण्याच्या सांडपाण्यावरही त्यांचे प्रयोग झाले. या शहरात तो प्रश्न जुनाच आहे. टांग्रा, तोपसिया, तिलजला येथील चर्मालये हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला आणि बानतला येथे चर्मसंकुल उभे राहिले. सिरॅमिक पटल तीव्र आम्ल-अल्कली व उष्णता सोसते. त्यामुळे त्यावर सोल-जेल पद्धतीने दिलेला ऑक्साइडचा लेप भट्टीत भाजून पक्का करता येतो.

चांदीचे कण जिवाणूंना मारतात, परंतु चांदी हळूहळू पाण्यात उतरते आणि संरक्षण संपते. सांडपाण्यातील गंधकामुळे तिचा बराच भाग सल्फाइड होऊन निष्प्रभ होतो. तरीही कोलकात्यात तिचा विचार जपूनच करावा लागतो. कारण शहराचे बरेचसे सांडपाणी पूर्वेकडील सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ प्रदेशाकडे जाते. २००२ पासून रामसर यादीत असलेल्या या प्रदेशातील भेरींमध्ये, म्हणजे मत्स्यतळ्यांमध्ये, ते शुद्ध करण्याचे काम ऊन, शेवाळ आणि जिवाणूच करतात.