हिची इरकल आणि कॅमेऱ्याची चौकडी

हिचा शेवटचा चांगला फोटो २००९ सालचा. मानकोलीच्या घराच्या ओटीवर बसली आहे, अंगावर काळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीची इरकल, काठ लाल. पुढच्याच वर्षी ती गेली.

परवा नातीने फोटो पाहून विचारलं, "आजोबा, आजीची साडी इंद्रधनुष्याची होती?" खरंच की! पदरावर गुलाबी-हिरव्या लाटा उठल्या आहेत, पाण्यावर रॉकेल पसरावं तशा. भिवंडीच्या मागांशेजारी जन्म गेला, कापड मला कळतं. हे रंग त्या कापडात नव्हते.

मी मराठीचा मास्तर, विज्ञान बेताचंच. पण इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पुतण्याने डोक्यात भुंगा सोडला आणि मी वाचत बसलो.

रंग टिपायचा तर आधी प्रकाश वेगळा करावा लागतो. १८६१ साली लंडनमध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकाच वस्तूचे तीन कृष्णधवल फोटो काढवून घेतले आणि त्याच रंगांच्या प्रकाशात ते एकमेकांवर पाडून दाखवले. वस्तू कोणती? चौकड्यांची एक स्कॉटिश रिबीन! गंमत वाटली.

आपल्याकडे ही धडपड 'प्रभात'ने केली. १९३३ च्या 'सैरंध्री'साठी शांतारामबापू थेट जर्मनीला गेले, रंगीत प्रती तिथे छापून घेतल्या. पद्धत बायपॅकची, म्हणजे तीनऐवजी दोनच रंगांवर भागवणारी. रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९३७ साली 'किसान कन्या' आला आणि पहिल्या देशी रंगीत चित्रपटाचा मान त्याला मिळाला.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. तो मुळात रंगांध, फक्त उजेड मोजतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी त्यावर रंगीत गाळण्यांची चौकडी बसवली. पेटंट १९७६ चं. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. हिरवं दुप्पट, कारण बारकावे आपला डोळा हिरव्यातच जास्त पाहतो. प्रत्येक घर एकच रंग मोजतं. उरलेले दोन कॅमेरा शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरतो.

आणि इथेच हिची इरकल नडली. लुगड्याची चौकडी आणि सेन्सरची चौकडी जवळजवळ सारख्याच बारीक झाल्या. पांढरी रेघ लाल घरावर पडली, शेजारची काळी हिरव्यावर. कॅमेऱ्याला वाटलं, इथे लाल रंगच आहे!

यावर उपाय निघाले. सेन्सरपुढे चित्र किंचित पुसट करणारी काच आली. २००२ साली फोव्हिऑनचा सेन्सर असलेला सिग्माचा कॅमेरा आला. त्यात गाळण्या नाहीत, एकाखाली एक तीन थर. निळा प्रकाश सिलिकॉनमध्ये वरच्यावर शोषला जातो, लाल खोलवर जातो, म्हणून एकाच जागी तिन्ही रंग मोजता येतात. पण अंधूक उजेडात त्याची चित्रं खरबरीत येतात. आजही बहुतेक मोबाइलमध्ये बेयर यांचीच चौकडी किंवा तिची भावंडं आहेत. घरं मात्र इतकी बारीक झाली की घोटाळा क्वचित होतो.

पुतण्या म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवर रंग काढून टाकतो." मी म्हटलं, काढ, पण जुनाही ठेव. नव्या प्रतीच्या मागे मी पेनाने लिहून ठेवलं आहे: 'काळी-पांढरी चौकडी, लाल काठ.' नातीने आजीला पाहिलेलं नाही. तिला एवढं तरी खरं कळावं.

असो. तुमच्याकडे असे फोटो असतील तर जरूर कळवा.