दिंडी : दारातले दार

‘दिंडी’ म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे टाळ-मृदंग आणि पंढरीची वाट येते. छंदशास्त्र वाचलेल्या एखाद्याला एकोणीस मात्रांचे दिंडी वृत्त आठवते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० पासून रंगभूमीवर आणलेल्या संगीत नाटकांत साक्यांच्या जोडीला दिंड्या आहेतच. तिसरा अर्थ मात्र हल्ली सांगावा लागतो : मोठ्या दरवाजाच्या फळीत बसवलेले लहान दार.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावा. हत्तीची धडक परतवण्यासाठी दारावर अणकुचीदार खिळे आहेत आणि त्याच दारात एकच माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आहे. थोरला दरवाजा न उघडता जा-ये व्हावी, ही तिची सोय. येणारा एकेकटा आणि मान लववूनच आत यावा, हा तिचा बंदोबस्त.

किल्ल्यावर हाच शब्द तटात शिरतो आणि ‘चोरदिंडी’ होतो. रायगडावर महादरवाजाकडून टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटबंदीतल्या एका बुरुजात अशी चोरदिंडी आहे. तिच्याकडे आतून पायऱ्या उतरतात. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त याचे शास्त्रच सांगितले आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून दरवाजे आणि चोरदिंड्या अधिक ठेवाव्यात, मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. वाट हवी, पण ती आपल्याच हाती हवी, असा हा विचार आहे.

रायगडाचीच हिरकणीची दंतकथा या विचाराशेजारी ठेवून पाहावी. सांज झाली, दरवाजे मिटले. घरी तान्हे मूल. दूध विकायला आलेल्या त्या गवळणीसाठी एकही दिंडी उघडली नाही. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे सांगतात. कथेतला मातृमहिमा आपण जपला. पण गौरव झाला त्याच क्षणी तिने शोधलेली वाट बुजली, हे ध्यानात घेतले नाही.

दरवाजांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. दिंडीपाशी थांबलेल्यांचा अजून लिहायचा आहे. त्यासाठी निदान तो शब्द तरी आपल्याजवळ उरला पाहिजे.