फॉरमॅट मारल्यावर डीव्हीडी का बंद पडायची?

२००७ सालची गोष्ट. मी अमेरिकेत शिकायला येऊन वर्ष झालं होतं. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आणि रूममेट म्हणाली, "सरळ फॉरमॅट मारूया." विद्यापीठाकडून मिळालेली विंडोज एक्सपीची सीडी होतीच. आम्ही अख्खी हार्ड डिस्क पुसली, एक्सपी टाकलं, दोन तासांत लॅपटॉप नव्यासारखा पळायला लागला. दोघी खूश!

त्या रविवारी मी घरून आलेल्या दोन चकत्या काढल्या. एक होती मामेबहिणीच्या लग्नाची व्हीसीडी, साताऱ्याच्या फोटोग्राफरने करून दिलेली. ती लगेच सुरू झाली, सनई-चौघड्यासकट. दुसरी होती दुकानातून घेतलेल्या मराठी सिनेमाची डीव्हीडी. ती काही लागेना. पडद्यावर एवढंच आलं की डिकोडर सापडत नाही. लॅपटॉप तोच, ड्राइव्ह तोच, आणि महिन्याभरापूर्वी हाच सिनेमा मी याच लॅपटॉपवर अर्धा बघितला होता. मग फॉरमॅटमध्ये नेमकं गेलं काय?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपला आता डिस्कचा ड्राइव्हच नसेल, त्यामुळे हा प्रश्न जुना वाटेल. पण आईबाबांच्या कपाटात अशा चकत्यांचा एक तरी डबा असणार. त्यात कोणाची तरी मुंज असेल, लग्न असेल, आजोबांची पंचाहत्तरी असेल. म्हणून हा इतिहास नीट बघू.

आधी व्हीसीडी. तिचं मानक १९९३ मध्ये आलं. तिच्यातलं चित्र एमपेग-१ पद्धतीने दाबून बसवलेलं असतं आणि तिला कुलूप नसतं. एमपेग-१ उलगडायची सोय विंडोजमध्ये नव्वदच्या दशकापासूनच होती. आपल्याकडे व्हीसीडी प्रचंड चालली. ती स्वस्त होती, गल्लीतला व्हिडिओवालाही करून देऊ शकायचा. चित्र जरा भुरकट दिसायचं, पण कुठल्याही कॉम्प्युटरवर लागायचं. साताऱ्याचं लग्न म्हणूनच चाललं.

डीव्हीडीचं प्रकरण वेगळं. ती १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. दुकानातली डीव्हीडी कॉम्प्युटरवर बघायची तर तीन गोष्टी लागायच्या: एमपेग-२ चित्र उलगडणारा डिकोडर, बहुतेक वेळा डॉल्बीचा आवाज उलगडणारा दुसरा डिकोडर, आणि सीएसएस नावाच्या कुलपाची किल्ली. या तिन्हींवर कोणाचा ना कोणाचा हक्क होता. एमपेग-२ ची पेटंट्स अनेक कंपन्यांकडे विखुरलेली होती. ती एकत्र करून परवाने द्यायचं काम एमपेग एलए ही संस्था करायची. २००२ पासून दर डिकोडरमागे अडीच डॉलर आणि २०१० पासून दोन डॉलर असा तिचा दर होता. एका माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण कोट्यवधी प्रती विकणाऱ्या कंपनीने गुणाकार केला की आकडा डोळ्यांत भरतो.

२००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने हा डिकोडर आत घातलाच नाही. सगळ्या कॉम्प्युटरना डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता, मग सगळ्यांमागे पैसे का भरायचे? ती जबाबदारी गेली लॅपटॉप बनवणाऱ्यांकडे. ते तैवानच्या सायबरलिंककडून पॉवरडीव्हीडी किंवा कॅलिफोर्नियाच्या इंटरव्हिडिओकडून विनडीव्हीडी घाऊक भावात घ्यायचे आणि लॅपटॉपबरोबर द्यायचे. बहुतेकदा ती दुकानात मिळणाऱ्या आवृत्तीपेक्षा कमी सोयींची, छाटलेली प्रत असायची. डिकोडरचा परवाना आणि सीएसएसची किल्ली तिच्या पोटात असायची.

म्हणजे फॉरमॅटमध्ये गेला तो हा प्लेअर. विंडोजच्या सीडीवर तो नव्हताच, तर परत येणार कुठून? त्याची मूळ प्रत दोनपैकी एका ठिकाणी असायची. एक म्हणजे लॅपटॉपच्या खोक्यात आलेली वेगळी डिस्क. दुसरं म्हणजे हार्ड डिस्कचाच एक राखून ठेवलेला कोपरा, म्हणजे रिकव्हरी पार्टिशन. त्या काळात अनेक कंपन्यांनी खर्च वाचवायला डिस्क देणं बंद केलं होतं. "पहिल्या दिवशीच रिकव्हरी डिस्क स्वतः बनवून ठेवा," असं कुठेतरी लिहिलेलं असायचं. ते कोण वाचतं? मीही वाचलं नव्हतं. आम्ही अख्खी हार्ड डिस्क पुसली, त्यात तो कोपराही पुसला गेला. मग मैत्रिणीच्या दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपची डिस्क आणून बघितली. प्लेअरचं नाव तेच होतं, पण त्याने मशीन ओळखलं आणि बसायला नकार दिला. ती प्रत त्या मशीनच्या नावाने होती.

माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर एक चकचकीत मीडिया बटणही होतं. फॉरमॅटनंतर तेही मुकं झालं. या बटणाचा इतिहास मजेशीर आहे. २००४ च्या सुमारास लॅपटॉप कंपन्यांना वाटायला लागलं की लॅपटॉप टीव्हीची जागा घेणार. तेव्हा विंडोज सुरू व्हायला मिनिटभर सहज लागायचं. मग एचपीने क्विकप्ले आणि डेलने मीडियाडायरेक्ट आणलं. लॅपटॉप बंद असताना बटण दाबलं की मोठं विंडोज जागं न होता एक छोटी व्यवस्था सुरू व्हायची आणि सरळ सिनेमा लागायचा. ही छोटी व्यवस्था हार्ड डिस्कच्या लपवलेल्या भागात राहायची.

फॉरमॅट मारणाऱ्याला तो भाग माहीत नसायचा, आणि खरी गंमत तिथेच व्हायची. मीडियाडायरेक्टच्या काही आवृत्त्यांमध्ये हार्ड डिस्कची वाटणी बदलल्यावर ते बटण दाबलं, तर प्रोग्रॅम जुन्याच वाटणीप्रमाणे नोंदी परत लिहायचा. मग विंडोजच सापडेनासं व्हायचं. गाणं ऐकायला बटण दाबलं आणि अख्खा लॅपटॉप बसला! हे टाळायचं तर क्रम पाळावा लागायचा: आधी मीडियाडायरेक्टची डिस्क घालून हार्ड डिस्कची वाटणी करायची, मग विंडोज टाकायचं आणि शेवटी विंडोजमध्ये मीडियाडायरेक्ट बसवायचं. जागा आधी राखायची, माणूस नंतर बसवायचा, आपल्याकडच्या पंगतीसारखं.

आता कुलपाकडे वळू. सीएसएसची किल्ली फक्त परवानाधारक प्लेअरकडे असायची. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी असा प्लेअर सहज मिळत नव्हता. म्हणजे तुम्ही डीव्हीडी विकत घेतली, ड्राइव्ह विकत घेतला, तरी सिनेमा बघता येत नव्हता. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला आणि हे कुलूप उघडलं. तो पुढे आणणाऱ्यांत नॉर्वेचा यॉन लेक युहानसन होता, वय वर्षं १५. त्याच्यावर खटला झाला. २००३ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तो सुटला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की स्वतःच्याच वस्तूत शिरणाऱ्याला घरफोडीची शिक्षा कशी देणार? अमेरिकेत मात्र उलटं झालं. १९९८ च्या डीएमसीए कायद्याने असं कुलूप उघडणं हाच गुन्हा ठरवला होता. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने डीसीएसएस प्रसिद्ध करणाऱ्या २६०० या मासिकाच्या विरोधात निकाल दिला. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए घातलं. तिथे कुलूप कोणत्या हेतूने उघडलं याला महत्त्व आहे: हक्कभंग करायचा हेतू असेल तर गुन्हा.

परदेशात राहणाऱ्यांना आणखी एक कुलूप आडवं यायचं, ते म्हणजे रिजन कोड. डीव्हीडीवाल्यांनी जगाची वाटणी केली होती. अमेरिका १, ब्रिटन, आखाती देश आणि इस्राएल २, भारत ५. मॉरिशसवाल्यांचं बरं, तेही ५ मध्येच! बऱ्याच भारतीय डिस्क सगळ्या रिजनमध्ये चालतील अशाच काढल्या जायच्या, पण सगळ्या नाही. २००० सालापासून कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्येच रिजन बसवायला लागले. वापरणाऱ्याला तो फक्त पाच वेळा बदलता यायचा, पाचव्या वेळी जो असेल तो कायमचा. ही मोजदाद हार्ड डिस्कवर नसते, ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये असते. म्हणून फॉरमॅट मारला तरी ती पुसली जात नाही. म्हणजे बघा, आपण पैसे मोजून मिळवलेला प्लेअर फॉरमॅटमध्ये जायचा आणि आपल्यावरचं बंधन तेवढं शिल्लक राहायचं. तेव्हा मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आला होता.

माझा प्रश्न शेवटी व्हीएलसीने सोडवला. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना कॅम्पसवर वेगवान नेटवर्क हवं होतं. त्याचं निमित्त म्हणून नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. त्यातून निघालेला हा प्लेअर २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. त्याचे डिकोडर त्याच्या पोटातच असतात आणि सीएसएसची किल्ली तो कोणाकडून न घेता स्वतः शोधून काढतो. सिनेमाचा उरलेला अर्धा भाग मी त्यावरच बघितला.

विंडोजचं पुढे काय झालं? २००७ च्या व्हिस्टात होम प्रीमियम आणि अल्टिमेट या आवृत्त्यांमध्ये डिकोडर आला. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्येही होता. पण विंडोज ७ ची होम बेसिक नावाची एक स्वस्त आवृत्ती भारतासारख्या बाजारांसाठीच काढली होती. तिच्यात डीव्हीडीची सोय नव्हती. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा ही सोय मूळ विंडोजमधून पुन्हा काढली. कारण तेच: प्रत्येक प्रतीमागे परवान्याचा खर्च, आणि ड्राइव्ह नसलेले लॅपटॉप वाढत चाललेले. विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टचा डीव्हीडी प्लेअर १४.९९ डॉलरला वेगळा विकला जात होता. अमेरिकेतलं एमपेग-२ चं शेवटचं पेटंट २०१८ च्या फेब्रुवारीत संपलं. तोपर्यंत घराघरातले ड्राइव्हच गेले होते.

फॉरमॅट मारल्यावर मला पहिल्यांदा कळलं की लॅपटॉपच्या किमतीत मी दोन वेगळ्या गोष्टी घेतल्या होत्या. लोखंड-प्लास्टिक माझं होतं. सिनेमा बघायची परवानगी मात्र त्या मशीनपुरती, त्या कंपनीने मोजलेल्या पैशांवर उभी होती. आज तुम्ही दरमहा पैसे भरून सिनेमे बघता. तिथे ही परवानगी निदान उघडपणे महिन्याची असते. तेव्हा ती खोक्यात घालून, आपलीच असल्यासारखी मिळायची.

आता त्या कपाटातल्या डब्याकडे या. एक चांगली बातमी आहे. फोटोग्राफरने घरगुती रायटरवर केलेल्या लग्ना-मुंजीच्या डीव्हीडीवर सीएसएस नसतं. कुलूप असतं ते दुकानातल्या सिनेमांवर. घरच्या डिस्क कॉपी करायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त यूएसबीवर चालणारा एक ड्राइव्ह लागतो. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीसीडी असेल तर एमपेगएव्ही फोल्डरमधली मोठी डॅट फाइल घ्या. ती नुसती ओढून कॉपी होत नसेल तर व्हीएलसीमधून रूपांतर करा. दोन वेगळ्या जागी प्रती ठेवा. आणि हे पुढच्या दिवाळीला करू म्हणून टाळू नका. घरी लिहिलेल्या डिस्कवरची नोंद रंगाच्या पातळ थरात असते आणि उन्हाने, उष्णतेने तो थर खराब होतो.

साताऱ्याच्या त्या व्हीसीडीची कॉपी मी २००७ मध्ये केली नाही. चालतेय ना, मग कशाला, असं वाटलं होतं. गेल्या वर्षी काढली तेव्हा पहिली वीस मिनिटं वाचता आली. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं सुरू झालीत, आणि तिथेच चित्र थांबतं.