सर्पगंधेचें नांव आणि सर्पगंधेचा गुण

वैद्यकाचें जुनें बाड वाचतांना वनस्पतीचें नांव सांपडलें, कीं तिचा सर्व गुणही प्राचीनांस ठाऊक होता असें मानण्याकडे मनाचा कल होतो. प्रस्तुत लेखकानेंही शाळेंत अमरकोश शिकवितांना ‘नाकुली म्हणजे सर्पगंधा, उन्मादावरील प्रसिद्ध औषधि’ असें वर्षानुवर्षें निःशंकपणें सांगितलें. त्या विधानाचा पूर्वार्ध संदिग्ध व उत्तरार्ध निराधार होता, हें मागाहून ध्यानांत आलें.

अमरकोशांत नाकुली, रास्ना, गंधनाकुली हीं नांवें एकाच गटांत आहेत. वैद्य मात्र रास्ना निराळी मानतात. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत नाकुलीचे जे गुण दिले आहेत, ते सर्प, कोळी, विंचू व उंदीर यांच्या विषावर आणि ज्वर, कृमि व व्रण यांवर. उन्मादाचा तेथें निर्देश नाहीं. गार्सिया द ऑर्ता याचा ग्रंथ १५६३ त गोव्यांत छापला गेला. त्यांतील सर्पकाष्ठाच्या प्रकरणींही मुंगसाची व विषाचीच कथा आहे. मराठींतील ‘मुंगूसवेल’ हें नांव तीच समजूत वागवितें. पण तें एकाहून अधिक वनस्पतींस लावतात, हेंही विसरतां कामा नये.

मग उन्मादावरील उपयोग आला कोठून? बिहारांत हें मूळ ‘पागलकी दवा’ म्हणून विकलें जात असे. या लोकव्यवहाराची दखल आधुनिक शास्त्रानें उशिरां घेतली. १९३१ त गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवरील औषध म्हणून तिजविषयीं लिहिलें. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं तिच्यांतून अल्कलॉइड द्रव्यें वेगळीं काढून एकास हकीम अजमलखानांचें नांव दिलें. १९४९ त मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील अनुभव इंग्लंडांतील नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्यांचें लक्ष वेधलें. १९५२ त स्वित्झर्लंडांतील बाझल येथें ‘रिसर्पिन’ हें द्रव्य निराळें करण्यांत आलें. १९५४ त अमेरिकेंत नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत दिला.

या द्रव्याची क्रिया मोठी उद्बोधक आहे. मेंदूंतील एक मज्जापेशी दुसरीस संदेश देते तो सूक्ष्म कोशिकांत सांठविलेल्या रासायनिक दूतांच्या द्वारें. सेरोटोनिन, डोपामिन व नॉरअॅड्रिनॅलिन हे त्यांपैकीं होत. रिसर्पिन या दूतांस कोशिकांत शिरूं देत नाहीं; बाहेर राहिलेले दूत पेशींतील किण्वाच्या योगें नष्ट होतात. भांडारच रितें झाल्यावर क्षोभ ओसरतो व रक्तदाब उतरतो. रिसर्पिनानें मेंदूंतील सेरोटोनिन घटतें, हें १९५५ त दिसून आलें. १९५७ त स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनीं रिसर्पिनानें निश्चल झालेल्या सशांस एल-डोपा देऊन पुनः हालतें केलें. डोपामिनाचें महत्त्व यांतून उलगडलें, आणि कंपवाताच्या उपचारास दिशा मिळाली. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तेंच रिसर्पिन कित्येकांस खिन्नता व कंपवातासारखीं लक्षणें आणतें, म्हणून नवीं औषधें येतांच त्याचा वापर मागें पडला.

आतां संग्राहकांस प्रस्तुत वाटेल तेवढें सांगतों. ‘आमच्या शास्त्रांत सर्व होतें’ असें म्हटल्यानें शास्त्राचा गौरव होत नाहीं. उलट ज्या अनाम लोकांनीं तें मूळ ओळखलें, विकलें व वापरलें, त्यांचें श्रेय मात्र बुडतें. त्यांच्या ज्ञानाचा माग संहितांपेक्षां घरगुती औषधांच्या टिपणांत लागण्याचा संभव अधिक. आणि दप्तर लावतांना प्रथम टाकून दिले जातात ते हेच कागद. ते राखावे. नक्कल करतांना ‘अडकई’ असें लिहिलें असल्यास ‘अडकई’च लिहावें; आपल्या विद्वत्तेनें त्याचें ‘सर्पगंधा’ करूं नये. अर्थ लावणें पुढील अभ्यासकाकडे सोंपवितां येतें. पुसलेला शब्द परत आणतां येत नाहीं.