हरिपूरची शारदा

सांगलीनजीक कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गांव आहे. गोविंद बल्लाळ देवल तेथें १८५५ सालीं जन्मले. त्यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. तोंवर संगीत नाटकांत बहुधा देव, राजे आणि पुराणांतील नायिका गात. येथें, श्रोतेहो, बापानें द्रव्यलोभानें ७५ वर्षांच्या भुजंगनाथास देऊं केलेली साधी मुलगी गाऊं लागली. चाली सुगम, भाषा घरगुती. म्हणून हीं पदें माजघरांत पोंचलीं. जिला न विचारतां जिचें लग्न ठरे, तिला आपलें दुःख त्यांत शब्दरूपानें सांपडे. बालविवाह-प्रतिबंधक कायदा १९२९ सालीं झाला. हरविलास सारडा यांच्या नांवाचा तो कायदा महाराष्ट्रांत 'शारदा कायदा' म्हणून रूढ झाला. नामसाम्य योगायोगाचें, परंतु कायद्यानें जें १९२९ सालीं मानलें, तें गाण्यानें तीस वर्षें आधींच सांगितलें होतें.