फिरत्या मधपाळांचा व्यवसाय : मिलर घराण्याच्या चार पिढ्या

मधमाशीपालनाच्या इतिहासात मध व मेण ह्या दोन उत्पन्नांनाच सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. तथापि विसाव्या शतकातील अमेरिकेत ह्या व्यवसायाचा पाया हळूहळू बदलत गेला आणि माश्यांनी साठविलेल्या मधापेक्षा फुलोऱ्यावरील त्यांच्या श्रमालाच अधिक मोल येऊ लागले. हे स्थित्यंतर मिलर घराण्याच्या वृत्तान्तात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

लँगस्ट्रॉथ ह्यांनी १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट मिळविले. पोळे न मोडता मध काढणे त्यामुळे शक्य झालेच. शिवाय संपूर्ण वसाहत दूरवर नेणेही सुकर झाले. यूटा राज्यातील नेफाय मिलर ह्यांनी १८९४ मध्ये ओटच्या पोत्यांच्या मोबदल्यात काही वसाहती घेऊन धंद्यास आरंभ केला. १९०७-०८ च्या हिवाळ्यात मेण गाळण्याची पद्धत पाहण्यासाठी ते कॅलिफोर्नियास गेले असता, यूटातील माश्या थंडीने गारठलेल्या असताना तेथील माश्या मात्र फुलांवर वावरत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. लवकरच त्यांच्या पेट्या रेल्वेने हिवाळ्यासाठी कॅलिफोर्नियास व उन्हाळ्यासाठी परत यूटास जाऊ लागल्या. ह्या स्थलांतराचा हेतू मात्र वसाहती जगवून मध वाढविणे हाच होता.

मधासाठी पेट्या ठेवावयाच्या, तर मधपाळाला शेतकऱ्याकडे जागा मागावी लागे. परागीभवनासाठी त्याच पेट्या हव्या असल्या, तर मागणी शेतकऱ्याकडून येई. ह्या परस्परसंबंधाविषयी अर्थशास्त्रातही वाद झाला. जेम्स मीड ह्यांनी १९५२ मध्ये सफरचंदाची बाग व मधमाश्या हे, बाजारात ज्याचा मोबदला चुकविला जात नाही अशा परस्परलाभाचे उदाहरण म्हणून मांडले. स्टीव्हन चेउंग ह्यांनी १९७३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील व्यवहार तपासून असे दाखविले, की मोबदल्याचे करार तेथे प्रत्यक्षात रूढ होते. ज्या पिकापासून भरपूर मध मिळे तेथे मधपाळ जमीनमालकाला जागेचे भाडे देई, काही वेळा मधाच्याच रूपाने. ज्या पिकापासून मध अल्प मिळे तेथे बागाईतदार मधपाळाला पैसे देई. सारांश, कोणी कोणास द्यावयाचे हे फुलावरून ठरे.

ह्या व्यवहाराचे पारडे अखेर बदामाने फिरविले. बदामाच्या बहुतेक जातींना फलधारणेसाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात. फुलोरा फेब्रुवारीत येतो आणि त्या दिवसांत परागवाहक कीटक विरळच असतात. एकरी सुमारे दोन पेट्या लागतात. बदामाचा मध कडवट असल्याने तो विक्रीस योग्य ठरत नाही; अर्थात मधपाळाची प्राप्ती भाड्यावरच अवलंबून राहते. कॅलिफोर्नियातील बदामाचे क्षेत्र दहा लाख एकरांपलीकडे गेल्यावर देशातील बहुतेक फिरत्या पेट्या दर फेब्रुवारीस तेथे जमू लागल्या. हॅना नॉर्डहॉस ह्यांच्या २०११ मधील ग्रंथात चौथ्या पिढीतील जॉन मिलर ह्यांचा वर्षक्रम वर्णिलेला आहे : उन्हाळ्यात मधासाठी नॉर्थ डकोटा, थंडीत आयडाहोतील बटाट्याची तळघरे, नंतर कॅलिफोर्नियातील बदाम व त्यामागून वॉशिंग्टनमधील सफरचंद. पणजोबांनी माश्यांच्या हितासाठी शोधलेला मार्ग पणतूच्या काळी पिकांच्या वेळापत्रकाने बांधला गेला.

ह्या बंधनाची किंमतही मोठी ठरली. वरोआ हा परजीवी कोळी १९८७ मध्ये अमेरिकेत आढळला. एकाच खोऱ्यात देशभरच्या वसाहती एकत्र येत असल्याने अशा उपद्रवांच्या प्रसारास अनुकूल परिस्थिती निर्माण झाली. २००६ च्या हिवाळ्यापासून प्रौढ माश्या पेटी सोडून नाहीशा होण्याचे प्रकार गाजले. पेट्यांची टंचाई व बदामाची वाढती लागवड ह्यांमुळे भाडे चढले. मेलेल्या वसाहतींच्या जागी नव्या उभारण्याचा खर्चही त्यातूनच भागवावा लागला. म्हणजे ज्या उत्पन्नाने धंदा तगला, त्याच उत्पन्नाच्या मागे लागून वसाहतींची हानीही वाढली.

मिलर घराण्याचा धंदा चार पिढ्या टिकला, तो एकाच मालास धरून राहिल्यामुळे नव्हे. पेटी तीच राहिली, परंतु तिच्यातून विकावयाची वस्तू बदलली. मात्र मध विकणाऱ्याला वर्षभराच्या अनेक फुलांचा आधार होता. श्रम विकणाऱ्याचे वर्ष बव्हंशी एका वृक्षाच्या काही आठवड्यांच्या बहरावर तोलले गेले. कौटुंबिक व्यवसायाच्या स्थैर्याचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही.